शासनाच्या हाती पूजेचे ताट नको

३ मार्च २०२४ रोजी पिंपरी-चिंचवड येथे नव्या न्यायालय इमारतीच्या भूमिपूजनाचा कार्यक्रम झाला. त्या कार्यक्रमात सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती अभय ओक यांनी सांगितले, की न्यायालयाच्या समारंभांतली पूजाअर्चा आता बंद व्हायला हवी. आरंभ करायचाच तर तो संविधानाच्या उद्देशिकेपुढे नतमस्तक होऊन करावा. भूमिपूजनाच्याच कार्यक्रमात हे बोलायला धैर्य लागते. त्याची बातमी झाली, थोडी चर्चाही झाली, आणि महाराष्ट्रातली सरकारी भूमिपूजने पूर्वीसारखीच चालू राहिली. ओक यांनी उभा केलेला प्रश्न मात्र न्यायालयांपुरता नाही. तो मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक सरकारी उंबरठ्याचा आहे.

तालुक्याच्या गावी एखाद्या सरकारी इमारतीचे भूमिपूजन कसे होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मोकळ्या जागेत मांडव पडतो. मधोमध चौकोनी खड्डा, भोवती रांगोळी, पाटावर कलश, हळदीकुंकू वाहिलेली नवी कोरी कुदळ. गुरुजी मंत्र म्हणतात, पालकमंत्री कुदळ मारतात, नारळ फुटतो, फोटो निघतात. सभोवती उभे असतात ते सरकारी सेवक आणि करदाते नागरिक. त्यांत मुस्लिम तलाठी असतो, बौद्ध ग्रामसेवक असतो, ख्रिस्ती परिचारिका असते, वारली किंवा गोंड समाजातला शिपाई असतो, देव न मानणारा शिक्षक असतो. हात जोडा असे त्यांना कुणी सांगत नाही. तरी ते जोडतात, कारण न जोडलेले हात साहेबांच्या नजरेत भरतात. ही इमारत जनतेची आहे असे कोनशिला सांगते. पण त्या मुहूर्तावर या लोकांना कळून चुकते, की इथे काही जण घरचे आहेत आणि आपण पाहुणे. पाहुण्याचा मान राखला जातो. त्याला घरात वाटा मात्र नसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे: राज्याच्या घरात पाहुणा कुणीच असता कामा नये. मंत्र्याने आपल्या घरी रोज पूजा करावी, नमाज पढावा, चर्चला जावे, बुद्धवंदना म्हणावी. तो त्याचा हक्क आहे आणि त्या हक्काचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पण तो खुर्चीवर बसून, सरकारी गाडीतून येऊन, सरकारी मांडवात जे करतो ते सर्वांच्या नावाने करतो. सर्वांच्या नावाने करायच्या कामात एकाचा देव आणता येत नाही.

संविधान लिहिणाऱ्यांनी या प्रश्नाला थेट हात घातला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी सुचवले, की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. सभेत आस्तिकांची वाण नव्हती. तरीही पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला. विचार, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेतच एक श्रद्धा सर्वांवर लादली जाईल, हा त्यांचा मुद्दा होता. पूर्णिमा बॅनर्जी यांनी देवाला मतदानाला घालू नका अशी कळकळीची विनंती केली. अखेर मतदान झाले. सूचनेच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. त्या ६८ जणांत नियमाने पूजापाठ करणारे कितीतरी असतील. देव नाकारण्यासाठी त्यांनी मत दिले नाही. आपला देव शेजाऱ्यावर लादायचा नाही, यासाठी दिले. मंत्र्यांच्या शपथेतही हीच दृष्टी आहे. ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, निवड तुमची. मात्र ममत्व वा आकस न बाळगता सर्वांना न्याय देण्याचे वचन दोघांनाही सारखेच द्यावे लागते.

राज्याने एका धर्माचा हात धरला की काय होते, हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. गोव्याच्या मातीत ते लिहिलेले आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज मंगेशीच्या दीपमाळेपुढे उभ्या राहणाऱ्या भाविकाने हे ध्यानात ठेवावे, की सरकारला धर्म होता म्हणून त्याच्या देवाला घर सोडावे लागले. आणि छळ केवळ परधर्मीयांचा झाला असेही नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, चालू होती. तिचा मोठा जाच झाला तो ख्रिस्ती झालेल्यांनाच. १७३६ च्या फर्मानाने त्यांच्या अंगणातल्या तुळशीवर बंदी आणली आणि भात बिनमिठाचा शिजवण्यावरही बंदी आणली. राज्याला धर्म मिळाला की तो मंदिरात थांबत नाही, थेट चुलीपर्यंत येतो. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरिक म्हणून मोकळा श्वास मिळाला तो १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर. त्या प्रजासत्ताकाने पुढच्याच वर्षी चर्च आणि शासन यांची फारकत करणारा कायदा केला.

पुण्याची कहाणी वेगळी असली, तरी तिचा बोध हाच आहे. पेशवाईत दरवर्षी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पर्वतीजवळच्या रमण्यात देशोदेशीचे ब्राह्मण जमत आणि राज्याच्या तिजोरीतून लाखो रुपये जात. तो पैसा आला होता कुणब्याच्या शेतसाऱ्यातून, कोष्ट्याच्या आणि तेल्याच्या करांतून. त्यांच्या पोरांना त्यातून एक पाटीही मिळत नव्हती. १८१८ नंतर इंग्रजांनी ही दक्षिणा कमी करत चालू ठेवली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला, की या रकमेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा आणि त्यात जातीची अट नसावी. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांना बहिष्काराच्या आणि मारहाणीच्या धमक्या आल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या पाठीशी माणसे उभी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे दक्षिणा फंडातून मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. सर्वांच्या कराचा पैसा एका वर्गाच्या धर्मकृत्यावर का, हा त्या अर्जातला सवाल होता. शंभर वर्षांनी संविधानाच्या अनुच्छेद २७ ने त्याला कायद्याचे रूप दिले. कोणत्याही विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. तेव्हा हा विचार परका आहे, कुठल्या तरी विलायती पुस्तकातून उचललेला आहे, हा आरोप महाराष्ट्रात तरी टिकत नाही. तो पुण्यात मार खाण्याची तयारी ठेवून मांडला गेलेला विचार आहे.

धर्मविधी सरकारी मांडवात आला की तो एकटा येत नाही. विधीबरोबर अधिकाराची उतरंड येते: मंत्र कुणी म्हणायचे, कलशाला हात कुणी लावायचा, कुणाचा हात अशुभ. कोल्हापूरच्या गादीवर बसलेल्या शाहू छत्रपतींनासुद्धा राजपुरोहिताने वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला होता. जिथे राजाची ही गत, तिथे गावच्या सरपंच बाईंचे काय? त्या विधवा असतील तर नारळ वाढवण्याच्या वेळी त्यांनाच दोन पावले मागे सरकवले जाते आणि दुसऱ्या कुणा 'सवाष्णीला' पुढे केले जाते. लोकांनी मतदानाने दिलेला मान एका रूढीने सर्वांसमोर काढून घेतला जातो, आणि तोही ग्रामपंचायतीच्याच अंगणात. संविधानाने समता दिली आणि शासनाच्या समारंभाने ती परत घेतली, असे हे चालले आहे.

आता पंढरपूरकडे वळू या, कारण इथे हा प्रश्न मराठी मनाला सर्वांत जास्त बोचतो. आषाढी एकादशीच्या पहाटे राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात. ही प्रथा मराठी माणसाला इतकी सवयीची झाली आहे, की तिच्याविषयी शंका काढणेही पाप वाटते. पण वारीचा आत्मा काय आहे? चोखोबांपासून जनाबाईंपर्यंत सगळ्यांनी ज्या देवाशी मधला माणूस न ठेवता बोलणे केले, त्या देवाच्या दारात आज राज्याचा सर्वांत मोठा अधिकारी सर्वांत आधी उभा असतो. वीस-वीस तास रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीचे पदस्पर्श दर्शन त्याच्या पूजेसाठी थांबते. त्या रांगेतल्याच एका दांपत्याला पूजेला बसण्याचा मान देतात, हे चांगलेच आहे. पण मुळात देवापुढे मानाची जागा राज्याने वाटावी का, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

आणि सत्तेबरोबर सत्तेची भांडणेही गाभाऱ्यापर्यंत पोचतात. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी मुख्यमंत्र्यांना महापूजा करू देणार नाही असे जाहीर केले. मुख्यमंत्री पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी आपल्या निवासस्थानीच पूजा केली. आरक्षणाच्या मागणीचा आणि विठ्ठलाचा काय संबंध? विठ्ठलाच्या पायाशी सरकार उभे केले, म्हणून सरकारवरचा राग विठ्ठलाच्या दारात आला. मुख्यमंत्र्यांना वारीची ओढ असेल, तर त्यांनी पागोटे बांधून एखाद्या दिंडीत चालावे, रांगेत उभे राहून दर्शन घ्यावे. वारकऱ्यांना ते अधिक भावेल आणि पदाचीही प्रतिष्ठा वाढेल. राज्याने वाळवंटात पाणी, शौचालये, दवाखाने आणि चंद्रभागेची स्वच्छता पाहावी. लाखो लोक एका गावी जमतात तेव्हा त्यांच्या जिवाची काळजी वाहणे हे शासनाचेच काम आहे आणि त्यात धर्माची आडकाठी येत नाही. कुंभमेळ्याला, हाजी मलंगच्या यात्रेला, माउंट मेरीच्या जत्रेला, दीक्षाभूमीच्या गर्दीला तीच काळजी तेवढ्याच तत्परतेने मिळाली पाहिजे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरोखर विचार करण्याजोगा आहे. शासन देवळात पूजा करणार नसेल, तर त्याने देवळाच्या कारभारात तरी का शिरावे? याचे उत्तर पंढरपूरनेच दिलेले आहे. दलितांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. त्याआधी १९३० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी लढा चालला आणि दार उघडले नाही. माणसाला माणूस म्हणून अडवले जाते तिथे दार उघडणे हे राज्याचे काम आहे. म्हणूनच अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य देतानाच सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. पंढरपूरच्या मंदिरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क कायद्याने संपवले गेले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, तेही योग्यच झाले. अघोरी प्रथांविरुद्धचा २०१३ चा कायदा याच कोटीतला. तो यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले आणि त्यांचा खून झाल्यावरच तो अंमलात आला.

थोडक्यात, नागरिकाचा हक्क तुडवला जात असेल, हिशेबात अफरातफर होत असेल, तर शासनाने जरूर आत जावे. मंत्र, नैवेद्य, उपासना यांत मात्र त्याने बोट घालू नये. मुंबई राज्याच्या विश्वस्त कायद्यावर १९५४ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही धर्माचे आचरण आणि मालमत्तेचा कारभार यांत फरक केला होता. आज आपण नेमके उलटे करतो. जिथे हिशेब तपासायचा तिथे पक्षातल्या नाराजांची सोय लावायला विश्वस्तपदे वाटली जातात. २०२२ मध्ये शिर्डी संस्थानावर सरकारने नेमलेले विश्वस्त मंडळ उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला बरखास्त करावे लागले. हे राज्याने धर्माची सुधारणा करणे नव्हे. हे भाविकांच्या दानपेटीवर राजकारण पोसणे आहे.

दुसरा आक्षेप असा, की ही शिकवणी हिंदूंनाच का? नाही, सर्वांनाच. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तोंडी तलाकच्या जाचातून बाईला सोडवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे ते सांगत होते. राज्याने त्यांचे ऐकले नाही, मौलवींचे ऐकले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो या म्हाताऱ्या बाईला पोटगी देवविली आणि १९८६ मध्ये संसदेने कायदा करून तो निकाल निष्प्रभ केला. त्याच वर्षी अयोध्येच्या वादग्रस्त वास्तूचे कुलूप निघाले. एका धर्माच्या पुढाऱ्यांना काही द्यायचे, मग दुसऱ्याच्या पुढाऱ्यांनाही द्यायचे, असा तो व्यवहार होता. त्याची किंमत कुणी मोजली? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि बहुतेक गरीब होते. म्हणून 'सगळ्याच धर्मांचे सरकारी सोहळे करा म्हणजे झाले' हा तोडगा मला घातक वाटतो. त्यातून सलोखा येत नाही, चढाओढ येते. हज यात्रेचे अनुदान दहा वर्षांत संपवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आणि २०१८ मध्ये ते बंद झाले. हे चांगले झाले. तोच न्याय इतर प्रत्येक यात्रेला आणि प्रत्येक धर्माला लावण्याचे धैर्य मात्र अजून कुठल्या सरकारने दाखवलेले नाही.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: राज्यात बहुसंख्य हिंदू आहेत, मग बहुसंख्यांच्या रीतीने झाले तर बिघडले काय? पण हिंदूंची तरी एक रीत कुठे आहे? लिंगायतांची वेगळी, महानुभावांची वेगळी, सत्यशोधकांनी तर भटजीवाचून लग्ने लावली. सरकार एक गुरुजी बोलावते तेव्हा या सगळ्यांतून एकाचीच रीत सरकारी ठरते. शिवाय हिंदू सगळीकडे बहुसंख्य नाही. आखातात नोकरी करणारा मराठी माणूस, मिझोराममध्ये बदली झालेला मराठी जवान यांना तिथल्या शासनाने आपल्याला समान वागवावे असेच वाटते. आपण जिथे थोडे आहोत तिथे जो न्याय मागतो, तोच जिथे पुष्कळ आहोत तिथे द्यावा लागतो.

शाळेचा मुद्दा तर सर्वांत नाजूक आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवण्यात आली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की अशी सक्ती करता येणार नाही. शिक्षक मोठा माणूस असतो, तो न्यायालयात जाऊ शकतो. दुसरीतल्या पोराने काय करावे? त्याने हात जोडले तर घरी प्रश्न, नाही जोडले तर वर्गात. अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको असे म्हटले, ते या पोराकडे बघून.

दोष मंत्र्यांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. २०१७ च्या आरंभी ग्रामविकास विभागाने शाळा आणि कार्यालयांतल्या देवादिकांच्या तसबिरींवर आणि धार्मिक समारंभांवर बंदी घालणारे परिपत्रक काढले. ओरड होताच ते मागे घेतले गेले. ओरड करणाऱ्यांच्या मागे आपली मते होती. निवडणुकीच्या आधी उमेदवार गावात येतो तेव्हा आपण त्याच्याकडे काय मागतो? देवळापुढे सभामंडप. खासदार निधीच्या नियमांत प्रार्थनास्थळांच्या आवारातल्या कामांना मनाई आहे, तरी कुठल्या ना कुठल्या निधीतून मंडप उभा राहावा असा आपला आग्रह असतो. शेजारच्या शाळेत मुलींच्या शौचालयाला दार नसते, त्याची मागणी कुणी करत नाही. मंडप लोकवर्गणीतून उभा राहू शकतो, आजवर राहत आला आहे. सोमनाथच्या जीर्णोद्धाराला सरकारी तिजोरीतला पैसा नको, लोकांनी द्यावा, असे गांधीजींनीही म्हटले होते. भक्ताच्या घामाच्या पैशाने देऊळ उभे राहते तेव्हाच त्यात भक्ताचा मान असतो.

म्हणून काम आपल्या गावापासून सुरू करू या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणे आणि कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. आधी गाव पुढे झाले, मग सरकार मागे आले. तसाच एक ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा: आमच्या पंचायतीच्या, शाळेच्या, आरोग्य केंद्राच्या कोणत्याही कामाचा आरंभ उद्देशिकेच्या सामूहिक वाचनाने होईल, पहिली कुदळ गावातल्या एखाद्या मजुराच्या हातून पडेल, आणि पंचायतीच्या पैशातून कोणत्याही धर्माचा विधी होणार नाही. ज्याला देवाची पूजा करायची त्याने आपल्या घरी, आपल्या देवळात, मशिदीत, विहारात, चर्चमध्ये मनसोक्त करावी. तिथे सरकारने पाऊल टाकले तर हीच ग्रामसभा त्याच्या बाजूने उभी राहील. या ठरावाला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. एका माणसाने उठून तो मांडावा लागतो आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यावे लागते.